दिवा विझला, तरी गाडी नापास!

कापडाच्या व्यापाऱ्याने मोटारीच्या इंजिनावर लिहावे याचे वाचकांना नवल वाटेल. आम्हालाही वाटते. परंतु २०२४ च्या मे-जून महिन्यांत आम्ही पाच आठवडे अमेरिकेत, कॅलिफोर्निया राज्यात होतो आणि त्यातले जवळजवळ तीन आठवडे कपड्यापेक्षा गाडीच्या मागेच गेले. त्यातून जे समजले ते आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंच्या उपयोगाचे आहे. अनेकांची मुले, भाचे, पुतणे तिकडे नोकरी-धंद्यात आहेत. इकडेही ज्यांनी अलीकडे नवा पिकअप किंवा टेम्पो घेतला आहे, त्यांच्या गाडीत त्याच जातीचे यंत्र बसलेले आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

लॉस एंजेलिसजवळ आर्टेशिया नावाचे छोटे शहर आहे. तेथील पायोनियर बुलेव्हार्ड या रस्त्यावर आपल्याकडच्या लोकांची साड्या, ड्रेस मटेरियल, दागिने आणि मिठाईची दुकाने ओळीने लागलेली आहेत. आमच्या बहिणीचा मुलगा तेथे एका कापड-दुकानात भागीदार आहे. लग्नाचे जोडे शिवून घेऊन गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचवण्याचे काम त्याच्याकडे असते, थेट सॅन दिएगोपर्यंत, म्हणजे शंभरेक मैल. तिकडे रिक्षा नाही. गाडी उभी राहिली की धंदा उभा राहिला. गाडी २०१२ सालची, जुनी पण चांगली. तिची नोंदणी १२ जूनला संपत होती आणि नूतनीकरणाच्या कागदावर स्पष्ट लिहिलेले होते की आधी ‘स्मॉग चेक’ करून घ्या.

स्मॉग चेक म्हणजे त्यांची पीयूसी. पण दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. लॉस एंजेलिसचे धुरकट, डोळे झोंबवणारे आकाश एके काळी जगात बदनाम होते. हागेन-स्मिट नावाच्या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास दाखवून दिले की मोटारींचा धूर आणि पेट्रोलच्या वाफा यांवर ऊन पडले की त्यातून हे विष तयार होते. पुढे राज्याचे हवा मंडळ निघाले त्याचे ते पहिले अध्यक्ष झाले. १९८४ पासून कॅलिफोर्नियात गाड्यांचे स्मॉग चेक सुरू झाले. राज्याच्या बहुतेक भागांत पेट्रोल गाडी आठ मॉडेल-वर्षांपेक्षा जुनी झाली की दर दोन वर्षांनी ती दाखवावी लागते. शिवाय गाडी विकताना बहुधा विकणाऱ्यालाच प्रमाणपत्र द्यावे लागते आणि ते नव्वद दिवस चालते. ज्याला जुनी गाडी काढायची आहे त्याने हे विसरू नये.

आता खरी गोष्ट. २००० सालच्या आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये तेथे आता नळी घालत नाहीत. २०१५ पासून ते गाडीच्या संगणकालाच विचारतात. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या वर, सोळा पिनांचे एक सॉकेट असते. त्यात वायर जोडली की गाडी स्वतःच आपली कैफियत सांगते. मिस्त्री वरून पाइप, तारा वगैरेही पाहतो, पण निकाल मुख्यतः संगणकाच्या जबाबावर लागतो. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोटारीत हा प्रकार आहे. त्याला ओबीडी-टू म्हणतात.

भाच्याच्या गाडीत एप्रिलमध्ये पिवळा ‘चेक इंजिन’ दिवा लागला. त्याने गॅरेजमध्ये दाखवली. एक ऑक्सिजन सेन्सर गेला होता. गॅरेजवाल्याने तो बदलला, संगणकातला दोषाचा कोड पुसला, दिवा विझला. काम प्रामाणिक होते, पैसेही वाजवी घेतले. पण एक गोष्ट त्याने सांगितली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भाचा खुशीत स्मॉग चेकला गेला आणि तासाभराने तोंड पाडून परत आला. गाडी नापास.

“मामू, दिवा तर विझलाय. सेन्सर नवा आहे. मग नापास कसली?”

आम्ही कागद हातात घेतला. दोष एकही लिहिलेला नव्हता. फक्त तीन-चार नावांपुढे ‘अपूर्ण’ असा शेरा होता. तो वाचून आम्हाला आमच्या मालेगावच्या कारखान्यातले फोल्डिंग खाते आठवले.

फोल्डिंगची वही

मागावरून उतरलेला ताका फोल्डिंगला येतो. तेथे माणूस तो टेबलावर ओढत ओढत पाहतो. कुठे ताणा तुटला, कुठे बाना सुटला, कुठे तेलाचा डाग पडला, हे पाहून वहीत नोंद करतो. गाडीच्या संगणकात असेच तपासनीस बसलेले आहेत. इंग्रजीत त्यांना मॉनिटर म्हणतात. एक मॉनिटर ऑक्सिजन सेन्सर पाहतो, एक त्या सेन्सरला गरम ठेवणारा हीटर पाहतो. एक कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पाहतो, म्हणजे धूर शुद्ध करणारे ते सायलेन्सरमधले भांडे. एक पेट्रोलच्या टाकीतून वाफ कुठे गळते का ते पाहतो, त्याला ‘इव्हॅप’ म्हणतात. इंजिनात ठिणगी चुकते का, पेट्रोलचे प्रमाण बरोबर आहे का, हे पाहणारे तपासनीस गाडी चालू असेपर्यंत सतत काम करत असतात. त्यांची चिंता नसते. अडचण पहिल्या गटाची आहे. हे तपासनीस विशिष्ट परिस्थिती असल्याशिवाय टेबलावर बसतच नाहीत.

जेव्हा मिस्त्री कोड पुसतो तेव्हा फक्त तो एक दोष पुसला जात नाही. या तपासनीसांच्या वहीची सगळी पाने फाटतात. बॅटरीची तार काढली तरी बहुतेक गाड्यांत तेच होते. मग वही कोरी. कोऱ्या वहीचा अर्थ माल चांगला असा होत नाही, वाईट असाही होत नाही. तपासणी झालीच नाही, एवढाच होतो. मुंबईचा दलाल आला आणि आपण त्याला कोरी वही दाखवली तर तो माल उचलेल काय? कॅलिफोर्नियाचे सरकार तोच दलाल आहे.

हा नियम असा कडक का, हेही ध्यानात घेतले पाहिजे. परीक्षेच्या दारात गाडी उभी करून खिशातल्या यंत्राने कोड पुसायचा, दिवा विझवायचा आणि पास होऊन निघायचे, असे कोणीही करू शकले असते. मॉनिटर पूर्ण असण्याची अट ही त्या लबाडीवरची कडी आहे. कॅलिफोर्नियात २००० सालापासूनच्या पेट्रोल गाडीला फक्त इव्हॅपचा मॉनिटर अपूर्ण असल्याची सवलत आहे, बाकी सगळे पूर्ण हवेत. १९९६ ते १९९९ च्या गाडीला कोणताही एक अपूर्ण चालतो. इतर राज्यांत प्रमाण वेगळे असू शकते. केंद्र सरकारच्या मार्गदर्शनाप्रमाणे २००१ पासूनच्या गाडीला एक आणि त्याआधीच्या गाडीला दोन मॉनिटर अपूर्ण चालतात. ज्याचा मुलगा दुसऱ्या राज्यात असेल त्याने तेथला नियम विचारून घ्यावा.

चुकीवर चूक

भाच्याने काय केले? त्याला कोणीतरी सांगितले की थोडी गाडी चालव, सगळे आपोआप होते. हे अर्धे खरे आहे. त्याने चार दिवस गाडी चालवली, पण कुठे? घर ते दुकान. दोन मैल जायचे, दोन मैल यायचे, मध्ये सहा सिग्नल. इंजिन नीट तापण्याच्या आधीच दुकान येत असे. पाचव्या दिवशी पुन्हा परीक्षेला गेला. एक मॉनिटर पूर्ण, बाकी तसेच. दुसरी फी पाण्यात गेली. तिकडे या परीक्षेचा दर दुकानागणिक वेगळा असतो आणि नापास झाले तरी तपासणीचे पैसे देऊन यावे लागते.

मग रागाच्या भरात त्याने संगणक ‘अडकला’ असे समजून रात्री बॅटरीची तार काढली आणि दहा मिनिटांनी पुन्हा लावली. झाले! चार दिवसांत जे एक पान लिहिले गेले होते तेही फाटले. आम्ही बाजूला उभे होतो आणि आम्हीच टॉर्च धरला होता, हे कबूल केले पाहिजे. त्या वेळी आम्हालाही अक्कल नव्हती.

१२ जूनला तेव्हा सोळा-सतरा दिवस उरले होते. त्याच आठवड्यात सॅन दिएगोला दोन लग्नांचे कपडे पोहोचवायचे होते. नोंदणी संपलेली गाडी पोलिसाने अडवली तर दंड, आणि गिऱ्हाइकाला दिलेला शब्द मोडला तर त्याहून मोठे नुकसान.

शेवटी दुकानाच्या मागच्या गल्लीत एक वयस्क मेक्सिकन मिस्त्री होता त्याच्याकडे गेलो. त्याचे इंग्रजी आणि आमचे इंग्रजी सारखेच, त्यामुळे बोलणे छान जमले. त्याने आपले लहानसे कोड रीडर सॉकेटला लावले आणि पडद्यावरच्या खुणा दाखवल्या. कोणता मॉनिटर पूर्ण, कोणता अपूर्ण, कोणता या गाडीत मुळातच नाही, हे सगळे त्यात दिसते. त्याने पहिला सल्ला दिला तो असा की असले रीडर स्वतः विकत घ्या, फार महाग नसते, आणि पडद्यावर सगळे पूर्ण दिसेपर्यंत परीक्षेच्या दुकानाची पायरी चढू नका. पहिल्या नापास निकालानंतर ही एक वस्तू घेतली असती तर दुसरी फी वाचली असती.

काही गाड्यांत रीडर नसले तरी काम भागते. किल्ली फिरवायची पण इंजिन सुरू करायचे नाही. चेक इंजिनचा दिवा पंधरा-वीस सेकंद स्थिर राहतो. नंतरही स्थिर राहिला तर तयारी झाली, लुकलुकू लागला तर बाकी आहे. मात्र ही खूण सगळ्या कंपन्यांत नसते. गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत पाहावे.

तपासनिसांना टेबलावर बसवायचे कसे

आता मिस्त्रीने समजावलेली पद्धत. प्रत्येक कंपनीची तपशिलात वेगळी असते, परंतु मूळ कल्पना एकच आहे.

पहिली अट थंड इंजिनाची. गाडी रात्रभर, निदान आठ तास उभी असली पाहिजे, म्हणजे इंजिनातले पाणी आणि बाहेरची हवा जवळपास एका तापमानाला येतात. संगणक सकाळी हे दोन आकडे जुळवून पाहतो. जुळले तर समजतो की आज नवा दिवस सुरू झाला. दुपारी दोन तास उभी केलेली गाडी या हिशेबात धरली जात नाही. भाच्याचे हेच होत होते, दिवसातून चार वेळा गाडी काढायची आणि एकदाही नीट थंड होऊ द्यायची नाही.

दुसरी अट टाकीची. पेट्रोल पाव टाकीपेक्षा कमी नको आणि पाऊण टाकीपेक्षा जास्त नको. याचे कारण इव्हॅपच्या तपासणीत आहे. टाकी आणि तिच्या नळ्या बंद करून आत थोडा दाब किंवा पोकळी निर्माण केली जाते आणि ती टिकते का ते पाहिले जाते. २००० सालानंतरच्या गाड्यांत अर्ध्या मिलिमीटरएवढे भोकही ती पकडते. सुईच्या टोकाएवढे भोक! टाकी गच्च भरलेली असेल तर वाफेला जागा नाही, अगदी रिकामी असेल तर वाफ फार, म्हणून संगणक तपासणी पुढे ढकलतो. काही गाड्यांत तर ही तपासणी गाडी बंद करून चार-पाच तास उलटल्यावर, सगळे झोपले असताना एक छोटा पंप आपोआप सुरू होऊन होते. आपण समजतो गाडी झोपली आहे, आणि तिचा फोल्डिंगवाला रात्रपाळी करत असतो. पेट्रोलचे झाकण नीट ‘टक’ असा आवाज येईपर्यंत फिरवलेले नसेल तर हीच तपासणी नापास होऊन दिवा लागतो. कित्येकांचा दिवा केवळ सैल झाकणामुळे लागलेला असतो. झाकणाची रबरी चकती चिरलेली आहे का तेही पाहावे.

मग चालवण्याची पाळी. सुरू करून दोन-तीन मिनिटे जागेवरच चालू ठेवायची. सेन्सरचे हीटर तेवढ्यात तपासले जातात, काही गाड्यांना जास्त वेळ लागतो. नंतर सावकाश वेग घेऊन मोठ्या रस्त्यावर ताशी पन्नास ते साठ मैल, म्हणजे ऐंशी ते पंचाण्णव किलोमीटर, अशा एकाच वेगाने दहा-पंधरा मिनिटे जायचे. ॲक्सिलरेटरवरचा पाय हलवायचा नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची परीक्षा येथे होते. त्याच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. पुढच्या सेन्सरचा आकडा सतत वर-खाली नाचत असतो. मधले भांडे नीट काम करत असेल तर मागच्याचा आकडा जवळजवळ स्थिर राहतो. मागचाही पुढच्यासारखाच नाचू लागला तर भांडे कामातून गेले असे संगणक ठरवतो. ही तुलना करायला त्याला निवांत, एकसारखी चाल हवी. मध्येच ब्रेक, मध्येच जोर, असे झाले की तो वही मिटून ठेवतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

त्यानंतर मागे-पुढे वाहन नाही असे पाहून पाय पूर्ण काढून घ्यायचा आणि ब्रेक न दाबता वेग ताशी वीस मैलांपर्यंत उतरू द्यायचा. मग थोडी गावातली चाल, थांबणे, दोन मिनिटे जागेवर, पुन्हा निघणे, असे चार-पाच वेळा.

आर्टेशियाच्या आजूबाजूला ९१ आणि ६०५ क्रमांकाचे मोठे फ्रीवे आहेत. त्यांच्यावर दिवसा एकाच वेगाने दहा मिनिटे जाणे म्हणजे आपल्याकडे बाजारच्या दिवशी भर गर्दीत सायकल पळवण्यासारखे. मिस्त्री म्हणाला, रविवारी पहाटे निघा. आम्ही फजरनंतर लगेच निघालो. गाडी रात्रभर उभी होती, टाकी अर्धी होती. भाच्याला घाई करायची सवय. आम्ही शेजारी बसून त्याच्या पायावर नजर ठेवली. दीड तासाने परत आलो आणि नव्या रीडरवर पाहिले. ऑक्सिजन सेन्सर पूर्ण, हीटर पूर्ण, कॅटॅलिटिक मात्र अपूर्ण. सोमवारी-मंगळवारी पहाटे पुन्हा तसेच गेलो. मंगळवारी कॅटॅलिटिकही पूर्ण झाले. इव्हॅप राहिले होते, पण त्याची सवलत होती.

भाचा लगेच परीक्षेला निघाला. मिस्त्रीने थांबवले.

न पुसला जाणारा डाग

२०१० आणि त्यानंतरच्या गाड्यांसाठी कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून आणखी एक गोष्ट पाहतात. तिचे नाव ‘पर्मनंट कोड’, म्हणजे कायमची नोंद. ज्या दोषाने दिवा लागला होता त्याची एक प्रत संगणक अशा जागी ठेवतो जेथे रीडर पोहोचत नाही आणि बॅटरी काढली तरी ती जात नाही. ती पुसण्याचा अधिकार फक्त संगणकाला आहे. संबंधित तपासनिसाने तोच भाग पुन्हा तपासून दुरुस्त झाला अशी खात्री करून घेतली की मगच ती जाते. आमच्या रीडरवर सेन्सरची ती नोंद अजून दिसत होती. मॉनिटर सगळे पूर्ण असूनही या एका नोंदीवर गाडी नापास झाली असती.

याला नियमातच एक वाट ठेवलेली आहे. कोड पुसल्यापासून गाडी निदान दोनशे मैल चालली असेल आणि निदान पंधरा वेळा थंडीतून पूर्ण तापली असेल, तर ही नोंद असली तरी गाडी तेवढ्यासाठी अडवत नाहीत. दोन्ही अटी एकदम पूर्ण हव्यात. फक्त लांबचा एक फेरा मारून दोनशे मैल भरले तरी पंधरा वेळा तापणे राहून जाते. आणि येथे आमच्या टॉर्चची किंमत कळली. बॅटरी काढल्यामुळे ही मोजणीसुद्धा शून्यापासून सुरू झाली होती.

मग त्या आठवड्यात लग्नाचे कपडे घेऊन सॅन दिएगोला जाऊन आलो. नोंदणी अजून चालू होती, त्यामुळे अडचण नव्हती. येता-जाता एका वेगाने चालवली. एवढ्यात दोनशेच्या वर मैल झाले. पंधरा तापण्यांची वेळ मात्र आलीच नाही, कारण चौथ्या दिवशी सकाळी रीडर लावले तर ती कायमची नोंद स्वतःच नाहीशी झालेली होती. ९ जूनच्या अगोदर गाडी पास झाली. तिसऱ्या खेपेला तपासणीला फार वेळ लागला नाही. भाच्याने मिस्त्रीला मिठाईचा डबा नेऊन दिला.

एवढे दिवस हातात नसतील तर? तिकडे नोंदणीची फी मुदतीत भरून टाकावी, स्मॉगचे प्रमाणपत्र हातात नसले तरी. म्हणजे उशिराचा भुर्दंड बसत नाही. नवे स्टिकर मात्र गाडी पास झाल्यावरच मिळते. मधल्या काळासाठी तात्पुरता परवाना मिळण्याची सोय आहे, त्याची विचारणा नोंदणी खात्यात करावी. कोणी सांगेल की पैसे दे, दुसऱ्या गाडीला वायर लावून तुझ्या नावाने पास करून देतो. असली दुकाने पकडली जातात, कारण संगणक वायरीतून गाडीचा चॅसिस क्रमांकही सांगतो. शिवाय ही सरळ सरळ मापात पाप आहे. दुसऱ्याचा ताका दाखवून आपला खपवणाऱ्याला बाजारात काय म्हणतात ते सांगायला नको.

आपल्याकडचे काय?

आपल्या देशात १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस-६ च्या आहेत. त्यांच्यात हे संगणकी तपासनीस आहेत, तेच सोळा पिनांचे सॉकेट आहे, तोच पिवळा दिवा आहे. पण आपली पीयूसी अजून पाइपातला धूरच मोजते. पेट्रोल-सीएनजीला नळी घालून वायू मोजतात, डिझेलला जोराने रेस करून धुराचा काळेपणा मोजतात. तेव्हा मॉनिटर अपूर्ण आहेत म्हणून येथे कोणी नापास करत नाही. पीयूसीला जाताना गाडी वीस मिनिटे चालवून तापवून न्यावी, एवढे पुरते. थंड गाडीचे कन्व्हर्टर काम करत नाही आणि चांगली गाडीही खराब आकडा दाखवते. पीयूसी नसेल तर २०१९ च्या दुरुस्त कायद्यात दंडाची मर्यादा दहा हजार रुपयांपर्यंत आहे, तेव्हा तारीख लक्षात ठेवावी.

मग मॉनिटरशी आपला संबंध काय? दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे आपल्या मिस्त्रींची बॅटरीची तार काढण्याची खोड. पिकअपमध्ये दिवा लागला की ड्रायव्हर रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये नेतो. तो तार काढतो, दिवा जातो, शंभर रुपये घेतो. आठ दिवसांनी दिवा पुन्हा लागतो. दरम्यान काय गेले? दोष लागला त्या क्षणी वेग किती, इंजिन किती गरम, जोर किती, याचे एक चित्र संगणक जपून ठेवतो. तार काढली की तेही गेले. पुढे वॉरंटीत कंपनीकडे नेली तर तेथला मिस्त्री अंधारात चाचपडतो. म्हणून आधी कोड वाचून कागदावर लिहून घ्यावा, मोबाइलवर फोटो काढला तरी चालेल, मग दुरुस्ती, आणि पुसणे सगळ्यात शेवटी.

बीएस-६ डिझेल गाडीत आणखी एक भानगड आहे. सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. साचलेली काजळी गाडी स्वतःच जाळून टाकते, पण त्यासाठी तिला काही वेळ सलग, तापलेल्या अवस्थेत धावावे लागते. कारखाना ते सायझिंग, सायझिंग ते मार्केट, असे दिवसभर गल्लीतच फिरणाऱ्या पिकअपला ती संधी मिळत नाही आणि जाळी चोंदते. त्याचा दिवा लागला की लगेच मुंबई-आग्रा रस्त्यावर नेऊन अर्धा तास एका चालीने पळवावी. दिवा दुर्लक्षून महिनाभर तसाच ठेवला तर जाळी काढून कंपनीत साफ करावी लागते आणि खर्च फार येतो.

दुसरा संबंध जुनी गाडी घेण्याशी आहे, आणि आमच्या मते व्यापाऱ्याच्या दृष्टीने तो जास्त मोलाचा आहे. विकणारा सांगतो, पाहा, एकही दिवा नाही. आपण रीडर लावावे आणि मॉनिटर पाहावेत. सगळे पूर्ण असतील तर तपासनिसांनी गाडी पाहून झालेली आहे. बरेच अपूर्ण असतील तर आजकालच कोणीतरी कोड पुसला आहे किंवा बॅटरी काढली आहे. बहुतेक गाड्यांत ‘कोड पुसल्यापासूनचे अंतर’ हाही आकडा दिसतो. तो सात-आठ किलोमीटर निघाला तर मालकाला शांतपणे विचारावे की भाईजान, काल संध्याकाळी गाडी कोणत्या गॅरेजला नेली होती? कदाचित बॅटरी खरोखरच नवी टाकली असेल, तिची पावती तो दाखवू शकेल. नाहीतर चार दिवसांनी पुन्हा पाहायला येतो म्हणावे, तोवर गाडी रोजच्यासारखी चालवायला सांगावी, आणि बयाणा त्यानंतरच द्यावा. परत आल्यावर मॉनिटर पूर्ण झालेले असतील किंवा दिवा पुन्हा लागलेला असेल.

भाच्याकडून येताना आम्ही तसले एक रीडर घेऊन आलो. सध्या ते आमच्या पेढीवर गल्ल्याच्या खणात असते. गेल्या वर्षी पुतण्याने दोन टेम्पो पाहिले, तेव्हा ते बरोबर नेले होते. एकात कोड पुसल्यापासूनचे अंतर तीन किलोमीटर निघाले.